बावन्न हिरवे ठिपके

पाणी तपासायच्या धंद्यात माझा एकच कडक नियम आहे: गिऱ्हाइकाने स्वतः भरून आणलेलं पाणी घ्यायचं नाही. पहिल्याच महिन्यात एक सेक्रेटरी कोकम सरबताच्या बाटलीतून सोसायटीचं पाणी घेऊन आले होते आणि रिपोर्टात साखर कशी आली म्हणून माझ्याशीच भांडले. तेव्हापासून बाटली माझी, जिने चढणारे पाय माझे आणि टाकीत वाकणारं डोकंही माझंच. बाटल्या मी आईच्या जुन्या पाच लिटरच्या कुकरमध्ये निर्जंतुक करते, पहिल्या शिट्टीनंतर वीस मिनिटं. आई म्हणते, या कुकरने आयुष्यभर डाळ शिजवली, म्हातारपणी बिचाऱ्याच्या नशिबी काच आली.

माझी लॅब नवघरला आहे. बोर्डावर 'लॅब' लिहिलंय म्हणून लॅब म्हणायचं. दहा बाय बाराचा गाळा, एका बाजूला शिवाची पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. गिरणी सुरू झाली की माझ्या रॅकमधल्या काचेच्या नळ्या किणकिणायला लागतात. बंद पडलेल्या एका पॅथॉलॉजीवाल्याकडून घेतलेला इन्क्युबेटर आहे आणि भिंतीवर माझी मायक्रोबायोलॉजीची पदवी आहे. तिच्या काचेवर गव्हाचा बारीक थर असतो. दिवाळीत तो चकलीच्या भाजणीचा होतो.

चाचणी सोपी आहे. पाच नळ्यांत जांभळं द्रावण असतं आणि प्रत्येकीत एक छोटी नळी उलटी बुडवलेली असते. त्यात टाकीचं पाणी घालायचं, इन्क्युबेटरमध्ये सदतीस अंशांवर ठेवायचं आणि दोन दिवस वाट बघायची. पाण्यात आतड्यातले जंतू असतील तर ते द्रावणातली साखर खातात आणि गॅस सोडतात. जांभळं द्रावण पिवळं पडतं, उलट्या नळीत बुडबुडा धरतो. याचा अर्थ, तुमच्या टाकीत कुणाची तरी विष्ठा पोचली आहे आणि तिथे तिचं बरं चाललंय. रिपोर्टात मी हे जरा सभ्य शब्दांत लिहिते. फी सहाशे रुपये.

दीड वर्षात चाळीसेक सोसायट्या माझ्याकडे नियमित झाल्या होत्या. मग जानेवारीत मीरा रोडला पूनम सागरजवळ जलारोग्य केंद्र उघडलं.

केंद्र सरकारी योजनेतलं होतं. फ्लेक्सवर 'मोफत' हा शब्द तीनदा होता आणि तिन्ही वेळा वेगळ्या रंगात. उद्घाटनाला मी गेले. म्हटलं, बघू तरी आपल्याला कोण मारणार आहे. आत एसी होता, माझ्या गाळ्याएवढा इन्क्युबेटर होता, बोटाने चालणारं एक मशीन होतं, आणि त्या मशीनच्या शेजारी गळ्यात ओळखपत्र घालून अभिनव उभा होता. अभिनव माझ्या बॅचचा. तिन्ही वर्षं त्याने माझं जर्नल उतरवलं होतं, माझ्या खाडाखोडींसकट.

"पंचू! तू इकडे कुठे?" घरी मी शीला, कॉलेजात पंचू.

"शत्रूचा किल्ला बघायला आले."

"आधी पेढा खा. किल्ल्याचा पेढा आहे, बजेटमध्ये बसवलाय."

"खरंच सगळं फुकट करणार तुम्ही?"

"एकदम फुकट. बाटली आणायची, टोकन घ्यायचं, तिसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट. आणि हे बघ," त्याने भिंतीवरचा स्क्रीन दाखवला. त्यावर मीरा रोड, भाईंदर, उत्तनपर्यंतचा नकाशा होता. "प्रत्येक सोसायटीचा ठिपका पडणार. पास झाली तर हिरवा, नापास तर लाल. कोणीही घरबसल्या बघा."

"बाटली कोण भरणार?"

"ज्याचं पाणी तो भरेल. मी एकटा आहे गं इथे. मी लोकांच्या टाक्या चढत बसलो तर मशीनकडे कोण बघणार?"

तेव्हाच मी त्याला कोकम सरबताची गोष्ट सांगायला हवी होती. मी दुसरा पेढा खाल्ला.

फेब्रुवारी संपेपर्यंत माझ्या चाळीस सोसायट्यांच्या सहा झाल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहाच्या दोन झाल्या, आणि त्यातली एक आमचीच बिल्डिंग होती, जिच्याकडून मी पैसे घेत नाही. शिवा गिरणीतून डोकावून विचारायचा, "दीदी, आज भी छुट्टी?" आणि मी रिकाम्या नळ्या पुन्हा एकदा धुवायला घ्यायचे.

रागवायचं तरी कोणावर? सरकारने लोकांचं पाणी फुकट तपासावं हे मला पटतं. शाळेत असताना मी यावर निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीस मिळालं होतं. फक्त निबंधात मी सरकारचा पत्ता लिहिला नव्हता. तो माझ्या गाळ्यापासून पंधरा मिनिटांवर असेल अशी कल्पना नव्हती.

घरी तर केंद्राच्या बाजूने बोलणारा माणूस रोज समोर जेवायला बसायचा. माझे वडील, केरबा, परभणीकडून तरुणपणी इकडे आले, पोस्टात चौतीस वर्षं पत्रं लावली, आणि निवृत्तीनंतर आमच्या मैत्री सोसायटीचे सेक्रेटरी झाले. कारण बिल्डिंगमध्ये वेळ आणि सुंदर अक्षर या दोन्ही गोष्टी असलेले ते एकटेच. शिक्का असलेल्या कागदावर त्यांचा जितका विश्वास आहे तितका माणसांवर नाही.

"शीला, पाण्यासाठी आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्यात," ते भाकरी मोडत म्हणाले. "तळ्याचं पाणी सगळ्यांचं, म्हणून. आणि तू त्याच पाण्याचे पैसे घेतेस."

"पाण्याचे नाही घेत, पप्पा. जांभळ्या द्रावणाचे घेते. ते तळ्यात मिळत नाही."

"केंद्रात दुसरी जागा निघालीय. कंत्राटी आहे, पण सरकारी ते सरकारी. एकतीस मार्च शेवटची तारीख."

एकतीस मार्चला माझ्या गाळ्याचा करारही संपत होता. मालकाने सांगून ठेवलं होतं: राहायचं असेल तर त्या दिवशी सही, नाहीतर चावी. म्हणजे एकाच तारखेला एक सही करायची होती, कुठल्या कागदावर तेवढंच ठरायचं होतं. पप्पांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज आणला आणि स्वतःच्या हाताने भरूनही टाकला. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं मोत्यासारखं. फक्त सहीची जागा माझ्यासाठी मोकळी.

दहा मार्चला मी नेहमीप्रमाणे आमच्या बिल्डिंगचं पाणी तपासायला लावलं. दोन दिवसांनी इन्क्युबेटर उघडला तर पाचही नळ्या पिवळ्या. लिंबू सरबताचा स्टॉल वाटावा इतक्या. मला आश्चर्य वाटलं नाही. आमची जमिनीखालची टाकी गटाराला लागून आहे आणि तिच्या कडेला एक भेग पडलीय, ती टॉर्च मारला की दिसते. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाकाकू आठवडाभर पोट धरून होत्या. त्यांच्याकडे फिल्टर आहे, पण तो शोकेससारखा वापरतात, वर गणपती ठेवलाय.

मी पप्पांना नळ्यांचा फोटो दाखवला. "बघू," ते म्हणाले. "मीटिंगला घेऊ."

पाच दिवसांनी त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. मैत्री सोसायटी, नवघर. हिरवा ठिपका.

"केंद्रात देऊन आलो पाणी. पास झालं. बघ, खाली क्रमांकसुद्धा आहे."

"पप्पा, माझ्या पाचही नळ्या पिवळ्या आल्यात."

"तुझ्या गाळ्यात पीठ उडतं, शीला."

गाळा हातचा जाणार म्हणून मी आठवडाभर रडायची तयारी करत होते. हे ऐकलं आणि रडूही आलं नाही. दुकान बंद पडणं एक गोष्ट. पण माझ्या बापाने माझ्या पाच नळ्या बाजूला सारून एका ठिपक्यावर विश्वास ठेवला होता. नळीतला बुडबुडा जर घरातच कुणाला पटत नसेल, तर मी एवढी वर्षं शिकले काय, कुकर चालवायला?

दुसऱ्या दिवशी गाळ्यात बसून मी तो नकाशा नीट बघितला. एकूण त्रेपन्न ठिपके. बावन्न हिरवे आणि एक लाल. माझ्या दीड वर्षाच्या वहीत साधारण दर चार टाक्यांमागे एक नापास होत होती. तोच हिशेब धरला, तर त्रेपन्नात एक किंवा शून्य नापास व्हायची शक्यता दोन लाखांत एकदासुद्धा येत नाही. मी दोनदा मोजलं. एक तर मीरा रोडने एका हिवाळ्यात सगळ्या टाक्या घासल्या होत्या, नाहीतर त्या एसी खोलीत काहीतरी चुकत होतं.

सेक्रेटरी लोकांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, दोनशे बारा जणांचा. मी मेसेज लिहिला: 'सावधान! मोफत केंद्राचे रिपोर्ट चुकीचे येत आहेत. खात्रीसाठी संपर्क करा.' खाली माझा नंबर. उद्गारचिन्ह एक ठेवावं की तीन, यावर मी विचार करत होते, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, हातात पाण्याचा कॅन.

"तूच ना ती पानी बगनारी? मी अनसूया. पालीवरून आलेय."

पाली म्हणजे उत्तनकडचा कोळीवाडा, नकाशावरचा तो एकुलता एक लाल ठिपका.

"या, मावशी. पण मी आणलेलं पाणी घेत नाही. मी स्वतः येऊन..."

"मंग चल माज्यासंगं. पैसे देते, पन खरं सांग. त्या केंद्रात दिला व्हता पानी, तर आमालाच लाल केला. आता भाईंदरच्या बाजारात बाया इचारतात, पालीची मासळी हाय काय, नको बाय! आता मासळी काय आमच्या इहिरीत पोहते?"

"तुम्ही कुठलं पाणी नेलं होतंत?"

"इहिरीचा. पितो तोच. दुसरा कुठला न्हेनार? आमच्याकडं काय फिल्टर न्हाय."

माझ्या डोक्यात काहीतरी खट्‌ झालं, पण तोपर्यंत मावशी पुढे गेल्या होत्या.

"पन एक सांगते हां. लाल झाल्यावर तिसऱ्या दिसाला टँकर आला. इहिरीत औषध टाकायला मानूस आला, चांगला बूट घालून. वीस वर्सांत कोन फिरकला न्हवता." मग त्या जरा वाकून हळूच म्हणाल्या, "तू हिरवा करशील, तर टँकर बंद व्हायचा न्हाय ना?"

"मला ठिपके बदलता येत नाहीत, मावशी."

"मंग तुज्या बोर्डावर एवढा मोठा लिवलाय तरी कशाला?" त्या म्हणाल्या आणि कॅन ठेवून बसल्या. मी मार्चच्या शेवटच्या रविवारी पालीला येऊन विहिरीचं पाणी स्वतः घेईन असं कबूल केल्यावरच उठल्या. जाताना कॅन गिरणीत शिवापुढे धरून म्हणाल्या, "पिऊ नको, लाल हाय."

मेसेज तसाच लिहिलेला राहिला.

संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "पप्पा, केंद्रात नेलं ते पाणी कुठे भरलंत?"

"कुठे म्हणजे? आपल्या स्वयंपाकघरात."

"कुठल्या नळाचं?"

"नळाचं?" पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंगतीत नाक शिंकरलं होतं. "अगं, सरकारी ऑफिसात न्यायचं होतं. आईला म्हटलं, नवी बाटली काढ आणि फिल्टरचं भर. ही त्यात वाळा टाकत होती. मी म्हटलं नको, शंका घेतील."

"फिल्टरचं?"

"मग काय टाकीचं नेऊ? दारात आलेल्या माणसाला आपण टाकीचं पाणी देतो का? आणि हे तर सरकार."

मी इतकी हसले की आईने माझ्या पाठीत थापट्या मारल्या. तिला वाटलं घास अडकला. पप्पा शेवटपर्यंत गंभीर होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. आणि त्यांच्यासारखेच आणखी पन्नास सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी सगळ्यात चांगल्या बाटलीत भरून केंद्रात गेले असणार. कुणी चोरी केली असती तर ती पकडणं सोपं होतं. हे तर आदरातिथ्य होतं. फक्त पालीकडे सरकारला द्यायला वेगळं पाणी नव्हतं, म्हणून ती लाल.

त्या रात्री माझा मेसेज खरा ठरला होता. पुराव्यासकट. पाठवला असता तर आठवडाभरात केंद्राची अब्रू गेली असती आणि माझे चाळीस परत आले असते. उलट अभिनवला जाऊन सांगितलं तर केंद्र सुधारणार, आणि सुधारलेलं फुकट केंद्र म्हणजे माझं दुकान कायमचं बंद. चुकतंय तोवर माझं मरण हळूहळू होतं; दुरुस्त झालं की लगेच. आणि तिसरा मार्ग, गप्प बसायचा, म्हणजे मंदाकाकूंचं पोट.

केंद्र बुडालं तर पालीचा बूटवाला माणूस पुन्हा वीस वर्षं येणार नव्हता, हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं आणि डोक्यातून जातही नव्हतं.

सकाळी मी केंद्रात गेले. अभिनव डबा खात होता.

"मशीन टीडीएस मोजतं ना?" मी विचारलं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा. आपल्या नळाला तो शंभराच्या आसपास असतो, टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्याला पाचशे-सहाशे. घरच्या फिल्टरमधून गाळून आलेल्या पाण्याला वीस-पंचवीस.

"मोजतं की. पाचशेच्या खाली असला की त्या रकान्यात मशीन आपोआप पास देतं. म्हणून मी बघत नाही."

"आता बघ."

त्याने यादी उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "बावीस. पंचवीस. एकोणीस. चोवीस. सव्वीस..." दहाव्या आकड्याला त्याने डबा बंद केला. विसाव्याला एसी वाढवला. "हां, हा बघ, एकशे अठरा!"

"कोण आहे?"

"एक सोसायटी आहे, काशीमिऱ्याची."

"त्यांच्या सेक्रेटरीचा फिल्टर बिघडला असेल."

त्रेपन्नांपैकी एकोणपन्नास तिसाच्या खाली होते. पाली सहाशे चाळीस.

"पंचू," अभिनव खुर्चीत घसरत म्हणाला, "म्हणजे तीन महिने मी मीरा रोडच्या फिल्टरवाल्यांची जाहिरात करतोय?"

"मोफत. मोफत. मोफत."

"माझ्या आजोबांनी पण आमच्या सोसायटीचं आणून दिलं होतं. मी त्यांना चहा पाजला." त्याने यादी बंद केली. "तू हे ग्रुपवर का नाही टाकलंस? मी तुझ्या जागी असतो तर टाकलं असतं."

"लिहून ठेवलाय मेसेज."

"मग?"

"पालीला टँकर आलाय."

त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला अनसूयाबाई सांगितल्या, बुटांसकट. तो ऐकून म्हणाला, "तू मूर्ख आहेस. पण जर्नल तुझंच बरोबर असायचं." मग त्याने साहेबांना फोन लावला. बोलताना तो उभा राहिला होता.

मार्चअखेर होती, आणि मार्चअखेर सरकारात काहीही हलू शकतं. सहा दिवसांत नवा नियम आला. सगळे हिरवे ठिपके करडे झाले, खाली 'फेरतपासणी' असं लिहिलेलं. यापुढे बाटली भरून आणायची नाही. केंद्राचा माणूस स्वतः येऊन टाकीतून पाणी घेणार. सोसायटीला आठवडाभर आधी तारीख कळवणार. अभिनवला एक स्कूटर आणि एक हेल्मेट मिळालं. म्हणजे माझा एकमेव कडक नियम सरकारने घेतला, आणि फी तशीच ठेवली, शून्य.

मी नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळायला सुरुवात केली. अर्जावर सही केली आणि तो बॅगेत ठेवला. सही पप्पांच्या अक्षराशेजारी फारच वाईट दिसत होती.

अठ्ठावीस तारखेला पूनम सागरहून फोन आला. ज्यांनी फेब्रुवारीत मला सोडलं होतं, त्यांच्यातलेच एक सेक्रेटरी, साहिल म्हणून.

"मॅडम, नेक्स्ट वीकला गव्हर्नमेंट येतंय आमच्या टाकीवर."

"हो, कळलंय मला."

"त्याच्या आधी तुम्ही एकदा येऊन बघून जाल का? म्हणजे कसं दिसतंय ते. ऐनवेळी इज्जतीचा फालुदा नको."

"तुमच्याकडे हिरवा ठिपका होता ना?"

"अहो मॅडम, ते बायकोने भरून दिलं होतं," ते म्हणाले, आणि हा विषय आमच्यात पुन्हा कधीच निघाला नाही.

त्या दिवशी आणखी चार फोन आले. रविवारी मी पालीला गेले तर विहिरीच्या काठावर उभी असताना सात आले. अनसूयाबाई माझी बाटली धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, "तुजा धंदा चांगला चाललाय की गो." सोमवारी मी गुंडाळलेल्या नळ्या पुन्हा सोडल्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच: सरकार यायच्या आत. घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असले की जसे लोक आधी पडदे धुतात, फरशी पुसतात, पोह्यांचं मीठ शेजारणीला चाखायला लावतात, तसं सगळ्यांना आधी कोणीतरी चाखून बघायला हवं होतं. माझ्या रिपोर्टसाठी दीड वर्षात कुणी टाकी घासली नव्हती. सरकारसाठी सगळा मीरा रोड ब्लीचिंग पावडर शोधत होता. मी फक्त मीठ सांगणारी शेजारीण. सहाशे रुपये.

एकतीस तारखेला, मंगळवारी, गाळ्यात दोन सेक्रेटरी बाटलीबद्दल वाद घालत होते ("मॅडम, मीच भरून आणतो ना, तुम्हाला कशाला त्रास?" "नाही, काका.") आणि त्यांच्या मागे पप्पा उभे होते. इस्त्रीचा शर्ट. दीड वर्षात ते गाळ्यात पहिल्यांदाच येत होते. त्यांनी आपला नंबर येईपर्यंत भिंतीवरची पदवी वाचली आणि बोटाने तिच्या काचेवरचं पीठ पुसलं.

"पुढच्या शुक्रवारी ते येणार आहेत आपल्याकडे," नंबर आल्यावर ते म्हणाले.

"माहिती आहे."

"मंदावहिनींनी मला जिन्यात धरलं. सगळं सांगितलं, नको तेवढं." त्यांनी घसा साफ केला. "पाचही पिवळ्या म्हणालीस ना?"

"पाचही."

"पुन्हा लाव. पुन्हा पिवळ्या आल्या तर भेग बुजवून टाकी धुऊन घेऊ. पुढच्या गुरुवारच्या आत. मीटिंग लावलीय मी."

"इथे पीठ उडतं, पप्पा."

"उडू दे. नळ्यांना बुचं आहेत, मी बघितलं आता."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. मला वाटलं, आता बाटली निघणार, आणि तीही नवी, वाळा घातलेली. पण त्यांनी काउंटरवर ठेवली ती खालच्या टाकीच्या झाकणाची किल्ली. ही किल्ली पप्पा झोपतानाही उशाला ठेवतात. चेअरमनलासुद्धा सही घेतल्याशिवाय देत नाहीत.

"तूच काढ," ते म्हणाले. "टाकीतलंच. आणि आपल्या सोसायटीला पण पावती फाड. फुकटाचं कुणी मनावर घेत नाही."

शिवाने गिरणी सुरू केली आणि रॅकमधल्या नळ्या किणकिणायला लागल्या. पप्पांनी कान टवकारले. मी बॅगेतून अर्ज काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि रॅकच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला. किणकिण थांबली.

पप्पांनी वाकून पायाखाली पाहिलं. घडीतून त्यांचंच अक्षर दिसत होतं, माझं नाव, ठसठशीत.

"अक्षर चांगलं आलं होतं," ते म्हणाले, आणि पावतीसाठी हात पुढे केला.